तिसऱ्या रांगेचे माप

चार मीटरांच्या आत सात माणसांची बैठक बसवणारी, मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाला परवडणारी आणि खाचखळग्यांच्या रस्त्यावर पोट न घासता चालणारी मोटार हा वाहनरचनेतील एक स्वतंत्र प्रश्न मानावा लागतो, कारण या तिन्ही अटी एकमेकींच्या आड येतात आणि त्यांतील एखादी सैल केली तर उरलेल्या दोन सहज साधतात. लांबी वाढू दिली तर सातही जण सुखाने मावतात, पण कर वाढतो आणि गाडी परवडेनाशी होते. आसने पाचच ठेवली तर किंमत आटोक्यात राहते, पण आजी-आजोबा किंवा धाकट्या भावाची मुले घरी राहतात. आणि गाडी जमिनीपासून पुरेशी उचलली नाही तर ती गावाकडच्या शेवटच्या दोन किलोमीटरांवर अडते. जिथे कुटुंब मोठे, उत्पन्न मर्यादित आणि रस्ता बेभरवशाचा असतो अशा देशांत या तिन्ही अटी एकाच गाडीकडून पुऱ्या करून घेतल्या जातात. प्रस्तुत लेखकाचे जवळजवळ दीड तप पुण्याजवळच्या चाकण औद्योगिक वसाहतीत, मोटारींची आसने व अंतर्भागाची मांडणी ठरवण्याच्या कामात गेले आणि त्या कामाचा मोठा भाग गाडीच्या सर्वांत मागच्या, म्हणजे तिसऱ्या रांगेशी निगडित होता. त्या रांगेतील माणसाची जागा कशी ठरते, ती कोण ठरवते आणि ठरवताना काय निसटते, हा या लेखनाचा विषय आहे.

चार मीटरांची मर्यादा आखण्याच्या टेबलावर जन्मली नाही, ती अर्थसंकल्पातून आली. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले आणि लहान मोटार कोणती हे ठरवताना लांबी ४,००० मिलिमीटरांपर्यंत, पेट्रोल इंजिन १,२०० घन सेंटिमीटरांपर्यंत व डिझेल इंजिन १,५०० घन सेंटिमीटरांपर्यंत अशी व्याख्या केली गेली. पुढे २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हाही ही रेषा कायम राहिली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या दरांत रेषेच्या आतल्या गाडीला १८ टक्के, तर बाहेरच्या गाडीला ४० टक्के कर आहे. एवढ्या फरकापुढे पाच-दहा सेंटिमीटरांचा मोह कोणत्याही कारखान्याला परवडत नाही. म्हणूनच २००८ मध्ये टाटांची इंडिगो सीएस ३,९८८ मिलिमीटरांची झाली, २०१२ मध्ये डिझायर ३,९९५ मिलिमीटरांवर आली, आणि २०१६ मध्ये महिंद्रांची बोलेरोसुद्धा ३,९९५ मिलिमीटर लांबी व १,४९३ घन सेंटिमीटरांचे इंजिन घेऊन या रेषेच्या आत शिरली. पाच आसनांच्या गाडीत ही कात्री बहुतेक वेळा डिकीला लागते. सात आसनांच्या गाडीत ती माणसाच्या गुडघ्यापर्यंत पोहोचते, आणि हा फरक करविषयक चर्चेत क्वचितच कुणाच्या लक्षात येतो.

एसयूव्ही हा शब्द या गाड्यांना सर्रास लावला जातो, त्याचाही खुलासा येथे करणे आवश्यक आहे. मूळ अर्थाने तो शब्द चासीवर, म्हणजे स्वतंत्र पोलादी सांगाड्यावर उभारलेल्या, चारही चाकांना शक्ती देऊ शकणाऱ्या दणकट गाडीचा होता. स्वस्त सात-आसनी गाडीत बहुधा यांपैकी काहीच नसते; तिचे शरीर आणि सांगाडा एकजीव असतो, शक्ती पुढच्याच चाकांना मिळते आणि चाकांवरच्या कमानींना काळ्या प्लॅस्टिकची किनार लावून तिला रांगडे रूप दिलेले असते. तरीही जमिनीपासूनची उंची हा या रूपातला खरा आणि उपयोगी भाग आहे, कारण सात माणसे बसल्यावर गाडी मागून खाली बसते आणि रिकामी असताना ज्या गतिरोधकावरून ती अलगद जात होती त्यालाच तिचे पोट टेकते. २०१३ च्या अर्थसंकल्पानंतर एसयूव्हीवर जादा शुल्क लावताना १७० मिलिमीटर उंची ही एक कसोटी धरली गेली होती, पण चार मीटरांच्या आतील गाडी त्या व्याख्येबाहेर राहिल्याने तिला उंच होण्याची मोकळीक मिळाली, आणि ग्रामीण ग्राहकाच्या दृष्टीने ही मोकळीक मोलाची ठरली.

महाराष्ट्रात सात माणसांची गाडी ही कल्पना कुटुंबाआधी प्रवासी वाहतुकीत रुजली. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागात जिला वडाप म्हणतात आणि मराठवाडा-विदर्भात जिला काळी-पिवळी म्हणतात, त्या जीपगाडीत मागे दोन आमनेसामने बाकडी असत आणि त्यांच्यावर किती माणसे मावतात याचे उत्तर गाडीच्या मापाने न ठरता स्टॅंडवर थांबलेल्या माणसांच्या संख्येने ठरे. सुमंत मुळगावकरांच्या नाव व आडनावाच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेली, १९९४ मध्ये आलेली सुमो हीच परंपरा घराघरांत घेऊन आली. २००० मध्ये बोलेरो आणि क्वालिस आल्या. यांतील क्वालिस ही इंडोनेशियात १९७७ पासून चाललेल्या टोयोटा किजांग या गाडीचे भारतीय रूप होती, आणि एकत्र कुटुंबाने सणासुदीला एकाच गाडीतून गावी जाण्याची तिथली पद्धत इथल्या गणपती-शिमग्याच्या प्रवासाशी इतकी जुळती होती की त्या गाडीला भारतात नव्याने ओळख करून द्यावी लागली नाही. आमनेसामने बाकड्यांचा एक गुण असा की पाय मधल्या मोकळ्या जागेत सोडता येतात आणि त्यामुळे थोड्या लांबीत जास्त माणसे बसतात; दोष असा की गाडी समोरून आदळली तर आडव्या बसलेल्या माणसाचे धड कुशीवर फेकले जाते आणि पट्टा असला तरी तो हवे तसे काम करत नाही. माणसाला प्रवासाच्या दिशेने तोंड करून बसवायचे, हा निर्णय सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच आहे, परंतु तो घेताच मांडणीचे सगळे गणित अवघड होते.

मांडणी म्हणजे इंजिन, चाके, टाकी, माणसे आणि सामान यांना एका दिलेल्या आकारात जागा नेमून देणे. या कामाचा आरंभ एका बिंदूपासून होतो. बसलेल्या माणसाची मांडी आणि धड जिथे एकमेकांना मिळतात त्या खुब्याच्या सांध्याला या व्यवसायात एच पॉइंट म्हणतात, आणि प्रत्येक आसनासाठी हा बिंदू आधी ठरवून मग त्याच्याभोवती गादी, पाठ, पट्टा, खिडकी, छप्पर यांची रचना केली जाते. तो मोजण्यासाठी सरासरी पुरुषाच्या वजनाचे, साधारण ७६ किलोंचे एक सांध्यांचे यंत्र आसनावर बसवले जाते. चालकाची टाच कुठे टेकते तिथून सुरुवात होते, त्यावरून चालकाचा एच पॉइंट ठरतो, त्याच्या मागे ठरावीक अंतरावर दुसऱ्या रांगेचा आणि त्याच्या मागे तिसऱ्या रांगेचा. ही एक साखळी आहे. तिचे पुढचे टोक धडक शोषून घेणाऱ्या भागाने आणि इंजिनाने अडवलेले असते, मागचे टोक कराने, आणि मधल्या प्रत्येक कडीला आपले माप थोडे वाढवून हवे असते. पांघरूण अपुरे असले की डोके झाकावे तर पाय उघडे पडतात, तशी ही स्थिती असते, आणि या साखळीत शेवटी उभा असलेला तिसऱ्या रांगेतला माणूस नेहमीच उघडा पडतो, कारण पुढच्या दोघांची वाटणी झाल्यावर जे उरते तेच त्याच्या वाट्याला येते.

लांबीपेक्षाही उंचीचा प्रश्न नाजूक आहे. तिसरी रांग मागच्या आसावर, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या तुळईच्या वर येत असल्याने तिथली जमीन वर उचललेली असते, आणि छप्पर मात्र मागे उतरत जाते. जमीन वर आणि छप्पर खाली असे झाले की गादीही खालीच ठेवावी लागते, आणि मग माणसाचे गुडघे छातीच्या दिशेने वर येऊन मांड्या गादीवरून उचलल्या जातात. मराठीत या बैठकीला उकिडवे बसणे असा नेमका शब्द आहे. शरीराचा सगळा भार मांड्यांवर पसरण्याऐवजी बुडाच्या दोन हाडांवर येतो, आणि तासाभरात कंबर बोलू लागते. ज्या पिढीने आयुष्यभर चुलीपुढे, शेतात, नळावर उकिडवे बसून काम केले तिला ही बैठक अपरिचित नाही, पण त्याच पिढीचे गुडघे आता झिजलेले आहेत. आणि ज्या मुलांचे गुडघे शाबूत आहेत त्यांना तसे बसण्याची सवय राहिलेली नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेने १९९७ मध्ये प्रकाशित केलेला देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय शरीरमापांचा ग्रंथ लेखकाच्या टेबलावर कायम असे, कारण परदेशी मापांवर बेतलेल्या यंत्राला जे पुरते ते इथल्या माणसाला पुरेलच असे नसते आणि उलटही खरे असते. परंतु मापांच्या कोष्टकात स्थिर बसलेला माणूस असतो. तो त्या जागेपर्यंत पोहोचतो कसा, याचे कोष्टक त्यात नसते.

याची जाणीव एका चाचणीने करून दिली. गाडी तयार होण्याच्या दोन-अडीच वर्षे आधी प्लायवूड, लोखंडी नळ्या आणि फोम यांचा पूर्ण मापाचा सांगाडा उभा केला जातो, त्याला बक म्हणतात. त्याला खरी दारे असतात, खरी आसने असतात, फक्त इंजिन आणि काचा नसतात. अशा एका सांगाड्यात चढउतार तपासण्यासाठी आरंभी विभागातील तरुण अभियंतेच बसवले गेले होते, ते सगळे पँट घालणारे पुरुष होते, आणि सगळ्यांनी मागची रांग समाधानकारक असल्याचे लिहून दिले होते. नमुनाकक्षातील एका ज्येष्ठ सुताराने, जो मूळचा वडापच्या मुलखातला होता, मागे बसणार कोण असा साधा प्रश्न विचारल्यावर कंपनीच्या उपाहारगृहात पोळ्या करणाऱ्या आणि आवार झाडणाऱ्या बायकांना बोलावण्यात आले. तिसऱ्या रांगेत जाण्यासाठी दुसऱ्या रांगेतील आसनाची पाठ दुमडून ते आसन पुढे कोलांटून द्यावे लागते, आणि मग चाकाच्या कमानीला वळसा घालून, कमरेत वाकून, एक पाय आत टाकून शरीर वळवावे लागते. सहावारी नेसलेल्या बायकांना एवढे मोठे पाऊल टाकताच येत नव्हते. एकीच्या निऱ्या दुमडलेल्या आसनाच्या उघड्या खिटीत अडकल्या आणि फाटल्या. नऊवारीतील एका वयस्क बाईंना कासोट्यामुळे पाय मोकळे होते, त्यांनी मात्र आत पाऊल टाकलेच नाही. त्यांनी आधी उंबऱ्यासारख्या दिसणाऱ्या कडेवर बसून घेतले आणि मग शरीर आत सरकवले. “बाळा, आधी बूड टेकायला जागा हवी, पाय मागनं येतील,” असे त्यांनी शेजारी टिपणे घेणाऱ्या तरुण अभियंत्याला सांगितले.

त्या एका वाक्यात आसनरचनेचे जे ज्ञान होते ते विभागाच्या कोणत्याही मार्गदर्शिकेत नव्हते. चढण्याची क्रिया पायापासून सुरू होते असे गृहीत धरून दाराच्या उघडीपीची रुंदी खालच्या बाजूला, पावलाच्या पातळीवर मोजली जात होती; बाईंच्या पद्धतीने चढायचे तर ती रुंदी बसण्याच्या पातळीवर हवी होती आणि वर धरण्यासाठी हाताला काहीतरी हवे होते. चाचणीनंतर तीन सूचना लिहिल्या गेल्या: खिटीवर झाकण बसवावे, दाराच्या मागील खांबावर हातधरणी द्यावी आणि दुसरे आसन आणखी थोडे पुढे सरकू द्यावे. झाकण लगेच मंजूर झाले, कारण ते प्लॅस्टिकचे आणि स्वस्त होते. सरकण्याचे अंतर काही अंशी वाढले. हातधरणी गळली.

ती का गळली हे समजण्यासाठी अशा गाडीची किंमत कशी ठरते ते पाहावे लागते. आधी गाडी बनवावी, खर्च मोजावा आणि त्यावर नफा चढवून किंमत लावावी, असा क्रम इथे नसतो. ग्राहक किती देऊ शकेल ते प्रथम ठरते. त्यातून कर, वितरकाचा वाटा आणि कारखान्याचा नफा वजा केला जातो, आणि जे उरते ते हजारो भागांत वाटले जाते. याला लक्ष्यित खर्च म्हणतात, आणि त्याच्या बैठकांमध्ये एकेका रुपयावर तासन्‌तास चर्चा होते. ही पद्धत वाईट नाही. तिच्यामुळेच स्वस्त गाडी शक्य होते. परंतु कात्री कुठे लावायची हा प्रश्न आला की हात आपोआप मागच्या रांगेकडे वळतो, कारण गाडी घेणारा माणूस दालनात येतो तेव्हा तो चालकाच्या आसनावर बसतो, पुढचा पडदा हाताळतो, त्याची पत्नी शेजारी बसते आणि मुले उड्या मारत मागे जातात, त्यांना तर मागची जागा गुहेसारखी आवडतेच. पुढे वर्षानुवर्षे जी माणसे मागे बसणार असतात, म्हणजे मांडीवर पिशवी आणि मूल घेतलेली धाकटी सून, मावशी, गावाकडून आलेला पुतण्या, ती त्या दिवशी दालनात नसतात. ज्याचे मत विक्रीत मोजले जात नाही त्याचे दिवे, त्याचा बाटलीचा खण, त्याची हातधरणी आधी जाते. त्या बैठकीत लेखक हजर होता आणि सहावारीच्या फाटलेल्या निऱ्यांचे छायाचित्र त्याच्या फायलीत होते; ते त्याने बाहेर काढले नाही, कारण एका हातधरणीसाठी बैठक लांबवणे त्याला त्या वेळी अवघड वाटले. या कामातील ज्या थोड्या गोष्टींची खंत मनातून जात नाही, त्यांत ही एक आहे.

या प्रश्नाचे सर्वांत विचारपूर्वक दिलेले भारतीय उत्तर म्हणून रेनोच्या ट्रायबर या गाडीकडे पाहता येते. तिच्याआधी २०१५ मध्ये भारतात आलेल्या दॅटसन गो प्लसने ३,९९५ मिलिमीटरांत तीन रांगा बसवल्या होत्या, पण तिची शेवटची रांग मुख्यतः लहान मुलांच्या उपयोगाची होती. ट्रायबर २०१९ च्या ऑगस्टमध्ये ४ लाख ९५ हजार रुपयांच्या आरंभिक किमतीला बाजारात आली, चेन्नईजवळच्या ओरगडम येथे ती तयार होते आणि तेथून दक्षिण आफ्रिका, नेपाळ अशा देशांत जाते. तिची लांबी ३,९९० मिलिमीटर आणि दोन आसांमधील अंतर २,६३६ मिलिमीटर आहे. म्हणजे चाकांच्या पुढे आणि मागे मिळून अवघे १,३५४ मिलिमीटर उरतात. चाके अशी कोपऱ्यांकडे ढकलली की मधली जागा माणसांना मिळते. जेरार देतूर्बे या फ्रेंच अभियंत्याने आधी रुमानियातील स्वस्त लोगान गाडीचे काम पुढे नेले होते आणि पुढे चेन्नईत राहून क्विड ही लहान गाडी घडवली; त्या क्विडच्याच पायावर ट्रायबर उभी आहे. पण क्विडपेक्षा तिच्या आसांमधील अंतर २१४ मिलिमीटरने अधिक आहे, आणि हे २१४ मिलिमीटर म्हणजेच तिसऱ्या रांगेच्या माणसाचे पाय आहेत असे म्हटले तरी चालेल. मागच्या माणसाच्या डोक्यासाठी तिचे छप्पर दुसऱ्या रांगेवर एक पायरी चढते, आणि ती पायरी बाहेरून दिसू नये म्हणून वरच्या दांड्यांनी झाकलेली आहे. दुसरी रांग १७० मिलिमीटर पुढेमागे सरकते, त्यामुळे जागेची वाटणी कारखान्यात एकदाच न होता रोजच्या प्रवासात माणसांना आपसांत करता येते. लेखकाच्या मते या गाडीतील सर्वांत शहाणा निर्णय हाच आहे. हवेचे झोत शेवटच्या रांगेपर्यंत नेलेले आहेत. उष्ण प्रदेशातील गाडीत ही चैन ठरत नाही, कारण मागे बसलेल्याची खिडकी उघडत नाही.

तरीही चार मीटर हे चार मीटरच असतात. सातही आसने मांडली की तिच्या मागे ८४ लिटर सामानाची जागा उरते, म्हणजे दोन दप्तरे आणि एक पिशवी. शेवटची दोन्ही आसने काढली की तीच जागा ६२५ लिटर होते. माणसे न्यावीत की सामान न्यावे, याचा निर्णय प्रवासाच्या सकाळी घरातच करावा लागतो. मुंबईहून कोकणात निघालेले कुटुंब हा निर्णय करत नाही. ते दोन्ही नेते आणि सामान टपावर बांधते. तिथे ओझे गाडीच्या सर्वांत उंच जागी जाते आणि वळणावर गाडी कलण्याचा धोका वाढतो.

भाराचा हिशेब याहून स्पष्ट आहे. रिकाम्या ट्रायबरचे वजन ९४७ किलो आहे आणि माणशी ७५ किलो धरले तर सात माणसांचे ५२५ किलो होतात, म्हणजे गाडी स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक ओझे उचलते. तिचे तीन सिलिंडरचे ९९९ घन सेंटिमीटरांचे इंजिन ७२ अश्वशक्तीचे आहे. शहरात ते पुरते, पण आंबोली किंवा कुंभार्लीसारख्या घाटात, वातानुकूलन चालू ठेवून सात माणसे चढवताना चालकाला खालच्या गिअरवर थांबण्याचा संयम लागतो. मागच्या स्प्रिंगांचीही अशीच कोंडी होते. एकटा चालक असताना मऊ वाटतील अशा त्या केल्या तर भरलेली गाडी बसकण मारते, आणि भरलेल्या गाडीसाठी कडक केल्या तर रिकामी गाडी उडते. गाडी मागून बसली की पुढचे दिवे वर बघू लागतात आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातात. यासाठी चालकाजवळ दिव्यांचा झोत खाली आणण्याची एक छोटी कळ दिलेली असते, मागच्या चाकांत हवा किती वाढवायची याचा तक्ताही बहुधा दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, आणि या दोन्ही गोष्टी वापरणारा गाडीमालक लेखकाला फार क्वचित भेटला. सात माणसांची गाडी विकताना या दोन गोष्टी हाताला धरून शिकवायला हव्यात, असे त्याने अनेकदा लिहून दिले.

रस्त्यावरच्या चाचण्यांत माणसांऐवजी वाळूच्या गोण्या ठेवल्या जातात. गोणीचे वजन अचूक असते, ती कंटाळत नाही आणि तिला गाडी लागत नाही. मराठीतील हा प्रयोग फार बोलका आहे. डोळ्यांना स्थिर दिसणारा अंतर्भाग आणि कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला जाणवणारे हेलकावे यांचा मेळ बसला नाही की मळमळ सुरू होते, आणि त्याचा दोष भाषेने माणसाच्या पोटाला न देता गाडीच्या लागण्याला दिला आहे. तिसरी रांग मागच्या चाकांच्या अगदी वर असल्याने प्रत्येक खड्डा तिथे थेट पोहोचतो, खिडकी लहान असल्याने क्षितिज दिसत नाही, आणि पुढच्या आसनाची पाठ डोळ्यांपुढे भिंतीसारखी उभी राहते. लेखकाने आपल्या विभागात एक नियम स्वतःपुरता घालून घेतला होता, तो असा की ज्या गाडीच्या तिसऱ्या रांगेचे माप आपण ठरवले तिच्या त्या रांगेत बसून किमान एक पूर्ण घाट चढायचा आणि उतरायचा. वरंधा घाटात, पावसाळ्यात, अशा एका फेरीनंतर मागच्या काचेची खालची कड काही मिलिमीटरांनी खाली आणण्याचा प्रस्ताव तयार झाला आणि तो स्वीकारला गेला. वाळूच्या गोण्यांच्या कोणत्याही अहवालातून तो निघाला नसता.

सुरक्षिततेच्या बाबतीतही मागचा माणूस असाच मोजणीबाहेर राहतो. ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०२१ मध्ये ट्रायबरला प्रौढांच्या संरक्षणासाठी चार आणि मुलांच्या संरक्षणासाठी तीन तारे दिले, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही स्वदेशी मूल्यांकन पद्धतही सुरू झाली. या चाचण्यांनी भारतीय गाड्यांचे शरीर सुधारले, हे कामातून प्रत्यक्ष दिसलेले सत्य आहे. ज्या पोलादी पट्ट्यांसाठी पूर्वी महिनोन्‌महिने भांडावे लागे त्या ताऱ्यांच्या एका उल्लेखाने मंजूर होऊ लागल्या. परंतु समोरच्या धडकेच्या या चाचणीत, जिथे गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवली जाते, पुढे दोन प्रौढ बाहुल्या आणि दुसऱ्या रांगेत दीड व तीन वर्षांच्या मुलांच्या बाहुल्या असतात. तिसरी रांग रिकामी असते. मागून येणाऱ्या ट्रकची धडक बसली तर पहिला आघात ज्या माणसावर होणार, ज्याच्या डोक्याच्या आणि मागच्या काचेच्या मध्ये थोडेसेच अंतर आहे, त्याच्या वाट्याला मापन करणारी बाहुलीसुद्धा येत नाही. कायद्याने पुढे तोंड करून बसलेल्या मागच्या प्रवाशांनाही पट्टा सक्तीचा आहे आणि मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून त्याची अंमलबजावणी जाहीर झाली. तरी तिसऱ्या रांगेतील पट्ट्यांची कुलुपे गादीच्या फटीत गेलेली आणि धुळीने भरलेली पाहण्याचे प्रसंग वापरलेल्या गाड्यांच्या तपासणीत वारंवार आले. कुलूप गादीच्या वर, हाताला लागेल असे ठेवले तर लोक पट्टा लावतात. ते फटीत ठेवले तर लावत नाहीत. ही रचनेची जबाबदारी आहे आणि ती प्रवाशाच्या बेफिकिरीवर ढकलणे न्याय्य ठरत नाही.

अशाच एका वापर-तपासणीसाठी, म्हणजे विकल्या गेलेल्या गाड्या मालकांकडे जाऊन पाहण्यासाठी, लेखकाला सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात जावे लागले होते. गाडी शेवटची आसने काढून ठेवता येणारी होती, मालक मुंबईत नोकरीला होता, आणि येताना गावी लागणारे सामान भरता यावे म्हणून त्याने ती दोन्ही आसने आदल्या फेरीतच काढून गावच्या घरी ठेवली होती. त्यामुळे पाच माणसे आली होती आणि दोन मुंबईत राहिली होती. काढलेल्या आसनांपैकी एक पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकलेले होते. दुसरे ओटीवर, दोन विटांचा आधार देऊन भिंतीशी लावलेले होते, आणि त्याच्यावर मालकाची आजी पावटे सोलत बसली होती. लेखकाने टेप काढून विटांसह गादीची उंची घेतली, पाठीचा कोन पाहिला, फोम किती दबला आहे ते अंगठ्याने चाचपले आणि बसायला कसे वाटते असे विचारले. म्हातारीने बरे आहे म्हणून सांगितले. त्या आसनापुढे तिथे अंगणापर्यंत मोकळी जागा होती, आणि तिने दोन्ही पाय समोर सरळ पसरले होते.